शेतकऱ्याचा मुलगा आहात, कळलं. पुढे बोला!

एप्रिल २०२४
तासगाव तालुका, जि. सांगली

प्रति,
लोकसभेला उभे राहिलेले आणि ‘मी शेतकऱ्याचा मुलगा’ या वाक्याने भाषण सुरू करणारे समस्त उमेदवार,
पक्ष कुठलाही असो.

स. न. वि. वि.

आमच्याकडे सध्या बेदाण्याची घाई चालू आहे. शेडमधल्या जाळ्यांवर माल पसरलाय, जरा आभाळ भरून आलं की सगळं घर बाहेर येऊन वर बघत उभं राहतं. अशात पत्र लिहायला बसले त्याला कारण झालं परवाच्या संध्याकाळचं.

तुमच्यापैकी एक जण आमच्या चौकात येऊन गेले. नाव सांगत नाही, कारण चार दिवसांनी दुसरे आले आणि त्यांचं भाषणही अक्षरश: तेच होतं. आई दुसऱ्याच्या बांधाला रोजाने जायची, वडील बैलामागे, आम्ही अनवाणी शाळेत जायचो, कंदिलावर अभ्यास केला, पायाला चिखल लागलेला माणूस दिल्लीत गेला पाहिजे. टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या.

भाषण संपल्यावर आमच्या शेजारची म्हातारी पुढे गेली. जन्मभर द्राक्षबागेत राबलेली बाई. गेली कित्येक वर्षं सीझनला औषधाच्या पाण्यात घड बुडवायचं काम करते. तिने उमेदवारांच्या पुढ्यात अंगठा धरला आणि म्हणाली, “सायेब, ह्यो उठत न्हाई मशीनवर. तीन म्हैनं झालं, धान्य न्हाई.” अंगठ्यावर रेषाच राहिलेल्या नाहीत, गुळगुळीत झालाय. उमेदवार हळहळले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारच्या पोराला म्हणाले, लिहून घे रे. ते पोरगं मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं. त्याने मान हलवली आणि व्हिडिओ काढत राहिलं.

गाड्या गेल्या. म्हातारी मला म्हणाली, “चांगला हाय गं माणूस. आपल्यातलाच हाय.”

तिचं ते ‘आपल्यातलाच’ माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

तुमच्या गरिबीची मला थट्टा करायची नाही. पण आमच्या पिढीत अनवाणी शाळेत गेलं नाही असं कोण आहे? तेवढ्यावर उमेदवारी मिळणार असेल तर आमच्या अख्ख्या आळीने फॉर्म भरायला हवा होता. पंचवीस हजार अनामत नाही, एवढीच अडचण.

मी तुमची प्रतिज्ञापत्रं वाचते. निवडणूक आयोगाच्या साइटवर सगळ्यांची असतात, भाची काढून देते. नमुना २६ म्हणतात त्याला. किती गुन्हे, किती सोनं, किती जमीन, बायकोच्या नावावर काय, कर्ज किती, शिक्षण कितवी. व्यवसायाच्या रकान्यात बहुतेकांनी ‘शेती’ लिहिलेलं असतं. काहींच्या शेतीचं उत्पन्न बघितलं की वाटतं, आमच्या वेलींना द्राक्षंच लागतात, यांच्या वेलींना काय लागतं कोण जाणे. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नसतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मावळत्या लोकसभेतही साधारण ३८ टक्के खासदारांनी व्यवसाय म्हणून शेती लिहिली होती. म्हणजे तिथे शेतकरी कमी नव्हते. त्याच लोकसभेत सप्टेंबर २०२० मध्ये तीन शेती कायदे आवाजी मतदानाने झाले, आणि वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसल्यावर २९ नोव्हेंबर २०२१ ला चर्चेविनाच मागे घेतले गेले. कायदे चांगले की वाईट यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, तो वाद इथे नको. पण आणताना आवाज आणि काढताना चुप्प, निदान काढताना तरी त्या एवढ्या शेतकऱ्यांना आपलं शेत आठवून दहा मिनिटं बोलावंसं वाटू नये? तेव्हापासून ‘शेतकऱ्याचा मुलगा’ म्हटलं की मी विचारते, बरं, मग?

आता माझ्या आईचं सांगते. तिच्याशिवाय मला जे म्हणायचंय ते कळायचं नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी सहा वर्षांची होते. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. आई पहाटे भाकरी थापून आम्हा दोघा भावंडांना घेऊन जायची. पुरुष टिकावाने खणायचे, बायका बुट्टीतून माती भरावावर नेऊन टाकायच्या. मला आठवते ती सुकडी. ओंजळीत घेऊन खायची, ठसका लागायचा. आणि मुकादमाची वही आठवते. तिला मस्टर म्हणतात हे मला बाराखडीच्या आधी ठाऊक होतं. संध्याकाळी आईचं नाव पुकारलं की मी तिच्या आधी ओ द्यायची.

पुढे मी तेरा-चौदा वर्षांची असेन, पुन्हा पाऊस गेला. या वेळी आई आणि गल्लीतल्या दहाबारा बायका लुगडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन तालुक्याला गेल्या. मी बरोबर होते, कारण अर्ज मला लिहिता येत होता. ‘आम्हास काम मिळावे.’ खाली दहाबारा अंगठे. परत येताना आई जे बोलली ते मला तेव्हा कळलं नव्हतं. म्हणाली, “त्या साली सरकारनं काम दिलतं. औंदा आपण मागितलंय.”

या दोन सालांच्या मध्ये काय घडलं होतं, ते आमच्याच तालुक्यात शिजलेलं होतं. विसापूरचे वि. स. पागे. विधान परिषदेचे १९६० पासून १९७८ पर्यंत सभापती. त्यांनी आपल्या भागातला उन्हाळा बघितला होता. हाताला काम नाही म्हणून मुंबईची वाट धरणारी माणसं बघितली होती. पुढारी म्हणून त्यांना गावात एखादी इमारत बांधून घेता आली असती, आणि आम्ही तिला त्यांचं नाव दिलं असतं. त्याऐवजी त्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता: काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची मेहेरबानी का असावी, बंधन का असू नये? १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात छोटा प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ही रोजगार हमी योजना राज्यभर गेली. १९७७ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आईचा अर्ज त्यानंतरचा.

पैसा कुठून आणायचा याचंही उत्तर होतं. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्यांच्या पगारपत्रकावर ‘प्रोफेशन टॅक्स’ म्हणून दरमहा दोनशे रुपये कापलेले दिसतात ना, तो कर १९७५ मध्ये याच कामासाठी बसवला. माझा पुतण्या हिंजवडीत आहे. त्याला सांगितलं, तुझ्या आजीच्या बुट्टीचं बिल आहे ते, तेव्हापासून त्याबद्दल कुरकुरत नाही.

आणि मग २००५ मध्ये देशाने कायदा केला. वर्षाला शंभर दिवस, पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर भत्ता. कर्नाटकातली, बिहारमधली, झारखंडमधली कुठली तरी बाई अंगठा उठवून काम मागू लागली, त्या हक्काचं मूळ शोधत गेलात तर आमच्या तालुक्याच्या कोरड्या ओढ्यात येऊन पोहोचता. सगळं सुरळीत चाललं असं मी म्हणत नाही. खोटी मस्टरं मी स्वत: बघितली आहेत. आज आमच्या बागाईत पट्ट्यात रोजगार हमीच्या मातीकामावर कोणी फिरकत नाही, सगळ्यांना त्यातली अनुदानाची विहीर हवी असते. पण जत-आटपाडीकडे वाईट साल आलं की अजून तोच आधार आहे.

ग्रामीण पार्श्वभूमी म्हणतात ती मला इथे दिसते. पागे काय खाऊन वाढले, चप्पल घालत होते की नाही, मला माहीत नाही. जाणून घ्यावंसंही कधी वाटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, पागे सभापती होते, त्यांच्या हातात होतं. तुम्हीही दिल्लीलाच निघालात की! पण भाषणात काय सांगता? सभामंडप, रस्ता, हायमास्ट.

यात पहिला दोष आमचा, आणि आमच्यातला पहिला माझा. २०१२ ते १७ मी सरपंच होते. बायकांना निम्म्या जागा मिळाल्यानंतरची आमची पहिली खेप. पहिलं वर्ष तर माझ्या खुर्चीवर आमचे ‘हे’च बसायचे आणि मी चहा सांगायची. त्याचं वेगळं पत्र होईल. तर तेव्हाचे खासदार गावात आले. अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात मी देशाच्या संसदेच्या सदस्याकडे काय मागितलं असेल? देवळापुढे सभामंडप आणि चौकात हायमास्टचा दिवा. दोन्ही मिळालं. कोनशिलेवर माझं नाव आहे, आडनावात चूक आहे.

नंतर एकदा सहज हिशेब केला. खासदार निधी वर्षाला पाच कोटी. आमच्या सांगली मतदारसंघात मतदार अठरा लाखांच्या वर. म्हणजे माणशी वर्षाला अठ्ठावीस रुपयेसुद्धा येत नाहीत. दोन चहा. त्या दोन चहांसाठी आम्ही पाच वर्षं तुमच्या मागे फिरतो, आणि ज्या गोष्टी फक्त तुम्हीच करू शकता त्या विचारत नाही. तुम्हीही बरं झालं म्हणून सांगत नाही.

म्हणून या खेपेला विचारते.

त्या म्हातारीचंच घ्या. अंगठ्याची अडचण मशीनची, ती तहसीलला जाऊन, भांडून सुटेल कदाचित. पण तिच्या नातसुनेचं नाव कार्डावर चढत नाही, त्याला तहसीलदार काही करू शकत नाही. उत्तर ठरलेलं: इष्टांक शिल्लक नाही. हा इष्टांक काय आहे माहीत आहे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किती माणसांना धान्य द्यायचं ते २०११ च्या शिरगणतीवरून ठरलं. महाराष्ट्राच्या वाट्याला आले सुमारे सात कोटी लोक, ग्रामीण भागात ७६.३२ टक्के. २०२१ ची शिरगणती झालीच नाही, त्यामुळे आकडा तिथेच गोठलाय. गावात पोरं जन्माला आली, सुना आल्या, आकडा तेवढाच. रेशन दुकानाच्या पायरीवर बसलात तर ऐकू येईल, अमक्याचा म्हातारा गेला, आता तमक्याच्या सुनेचं नाव लागेल. गावात कुणी मेल्यावर लोक असा हिशेब करतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटेनासं झालंय.

शिरगणती कधी, आणि तोवर इष्टांक वाढवणार का, हा प्रश्न लोकसभेत विचारायचा आहे. ग्रामपंचायतीत विचारून उपयोग नाही, विधानसभेत विचारूनही फारसा नाही. आमच्या चौकातल्या दोन्ही भाषणांत तर ‘शिरगणती’ हा शब्दच नव्हता.

याच शिरगणतीत बायकांची लोकसभाही अडकली आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये तेहतीस टक्क्यांचा कायदा गाजावाजाने झाला, पण अंमल शिरगणती आणि मतदारसंघ फेररचनेनंतर. म्हणजे नातसुनेचा तांदूळ आणि आम्हा बायकांची खुर्ची एकाच रांगेत उभ्या आहेत. तोवर तुमच्या प्रचारफेरीत आम्ही ओवाळायला आहोतच. ताटं आमची, तेल आमचं.

दुसरं, रोजगार हमीची हजेरी. आता मस्टर वहीत नसतं. २०२३ च्या जानेवारीपासून कामावरच्या माणसांचे दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढून ॲपवर चढवावे लागतात. तालुक्याच्या गावी बसून ऐकलं तर छानच वाटतं, खोट्या हजेऱ्या बंद. पण काम असतं डोंगराच्या कुशीत, तिथे रेंज नसते. सकाळचा फोटो गेला आणि दुपारचा गेला नाही तर अर्ध्या दिवसाची वाट. जतकडच्या एका रोजगार सेवकाने मला सांगितलं, तो मोबाइल घेऊन टेकडावर चढतो. बायका काम सोडून खाली रांगेत उभ्या राहतात, फोटोसाठी. हा नियम दिल्लीत झाला. तिथे टेबलाभोवती असा एकही माणूस नव्हता का, जो म्हणेल की थांबा, आमच्याकडे पाझर तलावावर रेंज येत नाही? तुम्ही चिखलातून आलात तो याचसाठी उपयोगाचा. नाहीतर चिखल आमच्याकडे भरपूर आहे, तुमचा बघायला कशाला येऊ?

तिसरं द्राक्षाचं. बांगलादेशाने आयात कर चढवला की इथे बागेत व्यापारी दर पाडतो. कांद्यावर ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, नाशिककर काय भोगतायत ते वाचताय ना? शेजारच्या देशाशी बोलणार कोण? सोसायटीचा चेअरमन? परराष्ट्र धोरण हा आमच्यासाठी बांधावरचा विषय आहे, आणि तुम्ही बांधावर येऊन आम्हाला ठिबकच्या अनुदानाचं सांगता.

‘दिल्लीत आपलं कोण ऐकतो, इंग्रजी लागतं, हिंदी लागतं,’ असं कुणी म्हणू नये. आमच्याच मुलखातले येडेमच्छिंद्रचे नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून निवडून गेले आणि संसदेत मराठीतून बोलले. क्रांतिसिंहांना प्रतिसरकार चालवताना इंग्रजीची अडचण आली नव्हती, तिथेही आली नाही. आज तर लोकसभेत भाषांतराची सोय आहे, कानाला लावायचं यंत्र आहे. वसंतदादा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी १९८३ मध्ये खासगी इंजिनीअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली, खेड्यातली पोरं इंजिनीअर झाली. त्या वाटेवर पुढे कोणाची दुकानं उभी राहिली आणि फी भरताना किती एकर विकले गेले, ती गोष्ट आहेच. पण सातवी शिकलेल्या माणसाने पुढच्या चाळीस वर्षांचा विचार केला होता, बरोबर केला की चूक ते ठरवायला निदान काहीतरी आहे. तुमच्याकडे वाद घालण्याजोगं तरी काही द्या.

आणि शेजारच्या सांगोल्यात गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले, एसटीने फिरले. त्यांना कधी सांगावं लागलं नाही की मी साधा माणूस आहे. लोक स्टँडवर बघत होते.

आमच्याकडे मतदान ७ मेला आहे. त्याआधी तुम्हाला वेळ असेल तर एक विनंती आहे. पुन्हा या. स्पीकर नको, हार नको, ओवाळणी मी बंद करून ठेवते. वरच्या पाझर तलावाच्या भरावावर बसू. आईने त्यावर किती बुट्ट्या माती टाकली ते देव जाणे, पण बसायला जागा पक्की आहे. दुपारी नका येऊ, बायका शेडवर असतात. पाचनंतर या. तीन प्रश्न आधीच सांगून टाकलेत, म्हणजे पेपर फुटलेला आहे, तयारी करून या. उत्तर ‘माहीत नाही, बघून सांगतो’ असं असलं तरी चालेल, फक्त लिहून घेणारं पोरगं बरोबर आणलंत तर त्याच्या हातात वही-पेन असू द्या.

चहा आमच्याकडून. दोन.

कळावे,
एक माजी सरपंच

ता. क. चौकातला हायमास्ट गेल्या दिवाळीपासून बंद आहे. त्याबद्दल बोलायला येऊ नका, तो ग्रामपंचायत बघेल.